राउटरचं सॉफ्टवेअर अपग्रेड: रात्रीचं काम दिवसाच कसं उरकायचं

मोठ्या सेवा पुरवठादाराच्या राउटरवर नवं सॉफ्टवेअर चढवायला खरं तर चार-पाच कमांड पुरतात. इमेज (नव्या सॉफ्टवेअरची फाइल) कॉपी करा, इन्स्टॉल करा, रीबूट होऊ द्या, तपासा, पक्कं करा. तरीही अपग्रेडचं नाव काढलं की नॉकपासून (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या खोलीपासून) वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि काम पुढच्या तिमाहीवर जातं. असं ढकलत ढकलत व्हर्जन इतकं जुनं होतं की नव्यावर थेट उडी मारता येत नाही. मधल्या व्हर्जनवर थांबा घ्यावा लागतो, एका रात्रीचं काम दोन रात्रींचं होतं आणि मग ते आणखी पुढे ढकलायला सबळ कारणच मिळतं.

कमांड कमी केल्यानं हा गुंता सुटत नाही. विंडोमध्ये, म्हणजे अपग्रेडसाठी राखून ठेवलेल्या वेळेत, रात्री दोन-तीन वाजता, किती गोष्टी नव्यानं ठरवाव्या लागतात हे मोजा. तो आकडा शून्याच्या जवळ आला की अपग्रेड सोपं झालं असं समजा. त्या वेळी फक्त आधी लिहून ठेवलेली अट पूर्ण झाली की नाही एवढंच बघायचं. पुढची मांडणी याच हिशेबानं आहे. उदाहरणं सिस्कोच्या आयओएस एक्सआर, ज्युनिपरच्या जुनोस आणि नोकियाच्या एसआर ओएसमधली असली, तरी क्रम कुठल्याही कंपनीच्या राउटरला लागू पडतो.

पहिली पायरी: वेगळेपण कमी करा

सुरुवात यादीपासून. प्रत्येक राउटरचं मॉडेल, राउट प्रोसेसरचा (राउटरचा मेंदू असलेल्या कार्डाचा) प्रकार, लाइन कार्डं (ज्यांना लिंका जोडतात ती), चालू व्हर्जन, वर चढवलेले पॅच, कार्डांवरच्या फर्मवेअरची व्हर्जनं आणि डिस्कवरची मोकळी जागा, एवढं एका तक्त्यात घ्या. ही माहिती हातानं गोळा करू नका, स्क्रिप्टनं राउटरकडूनच घ्या. हातानं भरलेला तक्ता भरल्या दिवशीच जुना होतो.

मग त्या तक्त्यात वेगवेगळी कॉम्बिनेशनं किती आहेत ते मोजा. इथे बहुतेकांना धक्का बसतो. ‘आमच्याकडे एकच व्हर्जन आहे’ असं म्हणणाऱ्यांकडेही एका राउटरवर तीन पॅच, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर तेच सात पण त्यातला एक जुना, अशी अवस्था असते. लॅबमध्ये तपासलेलं कॉम्बिनेशन मग प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये कुठेच नसतं, आणि लॅबचा निकाल कागदावरच राहतो.

आयओएस एक्सआरवर यावर चांगला उतारा आहे तो गोल्डन आयएसओचा. मूळ आयएसओ, लागणारी ऐच्छिक आरपीएम पॅकेजेस आणि निवडलेले एसएमयू म्हणजे पॅच, हे सगळं एकाच फाइलमध्ये बांधता येतं आणि त्या फाइलला स्वतःचं लेबल देता येतं. पॅच एकेक करून चढवण्यापेक्षा ही एकच फाइल बनवा, तपासा आणि सगळीकडे तीच वापरा. नवीन एक्सआर ७ मध्ये ‘इन्स्टॉल रिप्लेस’ दिलं की राउटरवर जे होतं ते जातं आणि फाइलमध्ये जे आहे तेवढंच राहतं. आधी काय चढवलं होतं, कुठल्या क्रमानं चढवलं होतं, याची चौकशीच उरत नाही. जुनोस आणि एसआर ओएसमध्ये हा प्रश्न मुळात कमी आहे, कारण तिथे बहुधा एक पॅकेज किंवा एका फोल्डरमधल्या इमेज फाइली एवढाच कारभार असतो.

नियम एकच ठेवा: एका प्रकारच्या राउटरला एक लेबल. ‘फक्त या एका राउटरवर हा एक पॅच’ असा अपवाद करावाच लागला, तर त्याची शेवटची तारीख तिथेच लिहा. तारीख नसलेला अपवाद कायमचा मुक्कामाला येतो.

दुसरी पायरी: व्हर्जन निवडणं

सगळ्यात नवं व्हर्जन घेण्याची हौस नको. त्याच शाखेतली एक-दोन दुरुस्ती व्हर्जनं निघेपर्यंत थांबलं तर आपल्याला सापडले असते असे बरेच दोष दुसऱ्यांना सापडून दुरुस्त झालेले असतात. सुरक्षेचा पॅच तातडीचा असेल तर अर्थातच हा हिशेब बदलतो.

रिलीज नोट्स पूर्ण वाचाव्यात असं सगळे म्हणतात आणि कोणी वाचत नाही. निदान चार गोष्टी शोधूनच काढा. थेट उडी चालते का, की मधलं व्हर्जन किंवा आधी चढवायचा पॅच लागतो. तुमची कार्डं अजून चालतात का. उदाहरणार्थ एएसआर ९००० मालिकेतली पहिल्या पिढीची ट्रायडंट लाइन कार्डं ६४-बिट एक्सआरवर चालत नाहीत. तुम्ही वापरता त्या फीचरमधले माहीत असलेले दोष कोणते. आणि चौथी, जी हमखास नजरेतून सुटते: कुठली डीफॉल्ट मूल्यं, म्हणजे आपण काहीच न लिहिल्यास राउटर जी धरतो ती, बदलली.

डीफॉल्ट बदलला की कॉन्फिग जसंच्या तसं राहतं आणि वागणूक मात्र बदलते. बीजीपी म्हणजे राउटरांनी एकमेकांना राउट (कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचं ही माहिती) सांगण्याचा प्रोटोकॉल, आणि दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये तो चालतो तेव्हा ईबीजीपी. २०१७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ८२१२ नं सांगितलं की ईबीजीपी सेशनवर पॉलिसी (कुठले राउट घ्यायचे-द्यायचे याचा नियम) लावलेली नसेल तर राउट घेऊही नयेत आणि देऊही नयेत. हे वागणं जुन्या व्हर्जनमध्ये नव्हतं आणि नव्यात आलं असेल अशा राउटरवर अपग्रेड केलं, तर पॉलिसी नसलेलं जुनं सेशन व्यवस्थित ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं आणि त्यावर राउट मात्र शून्य. देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवंगार, आणि ग्राहकाचा फोन वाजतोय.

तिसरी पायरी: लॅब, पण कशासाठी?

आभासी राउटर आता सहज मिळतात, आणि कंटेनरलॅबसारख्या साधनानं पाच-दहा नोडांची मांडणी एका सर्व्हरवर उभी राहते. तुमचं खरं कॉन्फिग नव्या व्हर्जनला पचतं का, स्क्रिप्ट बरोबर चालते का, नव्या व्हर्जनमध्ये ‘शो’ कमांडच्या आउटपुटचा साचा बदललाय का, हे सगळं तिथे कळतं. कार्डांचं फर्मवेअर, ऑप्टिक्स, फॉरवर्डिंग चिपमधली जागा या गोष्टी मात्र आभासी राउटरवर कळत नाहीत. त्यासाठी प्रत्येक प्रकारचा निदान एक खरा चेसिस (कार्डं बसवलेला राउटरचा सांगाडा) लागतो. तो नसेल तर नेटवर्कमधला सगळ्यात कमी महत्त्वाचा राउटर पहिला घ्यायचा आणि कागदोपत्री त्याला लॅबच म्हणायचं, म्हणजे त्याच्याकडून अपेक्षाही तशाच राहतील.

लॅबमध्ये घड्याळ लावा. इन्स्टॉलला किती मिनिटं, रीबूटपासून लॉगिन मिळेपर्यंत किती, सगळी कार्डं चालू होईपर्यंत किती, बीजीपीचं पूर्ण टेबल (इंटरनेटवरच्या सगळ्या राउटची यादी) शिकून हार्डवेअरमध्ये उतरेपर्यंत किती, आणि हेच सगळं उलट दिशेनं म्हणजे रोलबॅकला किती. या आकड्यांवरूनच विंडोची लांबी ठरते. ‘नेहमी चार तास घेतो’ म्हणून चार तास, हा काही हिशेब नव्हे.

चौथी पायरी: विंडोच्या आधीच्या दिवसांत

इमेज आदल्या आठवड्यातच राउटरवर जाऊन पडलेली हवी. या फाइली गिगाबाइटच्या घरातल्या असतात. दूरच्या सर्व्हरवरून एससीपीनं (फाइल कॉपी करण्याच्या कमांडनं) आणायला गेलात तर लिंक शंभर जीबीची असूनही कॉपी रखडते, कारण राउटरच्या सीपीयूकडे जाणारी वाहतूक मुद्दामच मर्यादित केलेली असते आणि लांबच्या अंतराचा विलंब त्यात भर घालतो. जवळच्या सर्व्हरवरून, मॅनेजमेंट पोर्टमधून आणा आणि कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलचा पडताळणी-अंक) राउटरवरच काढून बघा. सर्व्हरवरच्या फाइलचा चेकसम बरोबर आला म्हणजे राउटरवर पोहोचलेली फाइलही बरोबर आहे असं होत नाही.

जागेची अडचणही त्याच दिवशी कळते. जुनोसवर ‘रिक्वेस्ट सिस्टिम स्टोरेज क्लीनअप’नं बरीच जागा मोकळी होते. दोन राउट प्रोसेसर असतील तर दोन्हींवरची जागा बघा. स्टँडबायची डिस्क भरलेली असते आणि ते कोणालाच माहीत नसतं, असं नेहमी होतं.

कॉन्फिगची प्रत राउटरबाहेर ठेवा. जुनोसवर स्नॅपशॉट घ्या; ज्या राउट प्रोसेसरवर जुनोस व्हीएम (आभासी यंत्र) म्हणून चालतं, तिथे ‘रिक्वेस्ट व्हीएमहोस्ट स्नॅपशॉट’. कार्डांवर ‘अपग्रेड हवं’ अशी खूण आहे का, तेही आजच टिपून ठेवा.

आता कन्सोलकडे, म्हणजे राउटरमध्ये थेट शिरण्याच्या वेगळ्या वाटेकडे, वळू. राउटरपर्यंत जाण्याचा दुसरा मार्ग त्याच नेटवर्कवरून जात असेल तर तो दुसरा मार्ग नव्हेच. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या आयपी कोअरचं (नेटवर्कच्या मधल्या कण्याचं) अपग्रेड सुरू होतं, सात टप्प्यांपैकी सहावा टप्पा. एका बदलात डिस्ट्रिब्यूशन राउटरवरचा फिल्टर निघाला, राउटचा लोंढा कोअर राउटरवर आदळला आणि ते कोलमडले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. मॅनेजमेंटचं नेटवर्कही त्याच कोअरवर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना राउटरपर्यंत पोहोचणंच अवघड झालं, आणि नेमकं काय बिघडलंय हे कळायलाच फार वेळ गेला.

म्हणून विंडोच्या आदल्या दिवशी कन्सोल सर्व्हरवरून खरोखर लॉगिन करून बघा. तेही स्थानिक युजरनं, कारण राउटर एकटा पडला की टॅकॅक्स सर्व्हर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा) त्याला दिसत नाही. तो स्थानिक पासवर्ड शेवटचा कोणी आणि कधी वापरला होता, हे विचारून बघा. बहुतेक ठिकाणी नुसती शांतता पसरते.

आणखी एक. जो राउटर वर्षानुवर्षं रीबूट झालेला नाही, त्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरपेक्षा रीबूटचाच धोका मोठा असतो. थकलेलं कार्ड चालू असेपर्यंत चालतं आणि बंद करून चालू केलं की उठत नाही. अशा जागी सुटं कार्ड आणि ते बदलू शकणारा माणूस त्या रात्री हजर ठेवा.

पाचवी पायरी: आधीचं चित्र, नंतरचं चित्र

अपग्रेडनंतर ‘सगळं ठीक दिसतंय’ हे वाक्य वर्ज्य करा. आधीचं चित्र फाइलमध्ये साठवा, नंतरचं साठवा, आणि फरक स्क्रिप्टला काढू द्या. सिस्कोचं पायएटीएस यासाठीच बनलंय. नॅपाल्म किंवा अँसिबल वापरूनही जमतं.

काय साठवायचं? कार्डांची स्थिती, इंटरफेस, ऑप्टिक्सची पातळी, आयजीपीचे (आपल्या नेटवर्कच्या आतले रस्ते ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचे) आणि एलडीपीचे (पॅकेटवरची लेबलं वाटणाऱ्या प्रोटोकॉलचे) नेबर, बीएफडी (लिंक तुटल्याचं पटकन ओळखणारी) सेशनं, अलार्म, मेमरी. आणि बीजीपीच्या प्रत्येक सेशनवर प्रत्येक अ‍ॅड्रेस फॅमिलीत घेतलेले आणि दिलेले राउट, वेगवेगळे. समजा आधी ४२ सेशनं होती आणि नंतरही ४२ आहेत. नुसता हा आकडा बघणारा खूश होऊन झोपायला जाईल. पण त्यातल्या एकावर आधी ३१८ राउट येत होते आणि आता ० येत आहेत, हे फक्त सेशननिहाय तुलनेतच दिसतं. वर सांगितलेला डीफॉल्ट बदलाचा दोष असाच पकडला जातो.

पूर्ण टेबलाच्या सेशनवर आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, इंटरनेट थोडंच थांबतंय. तिथे एखाद-दोन टक्क्यांची सूट आधीच लिहून ठेवा. ग्राहकांच्या सेशनला मात्र सूट नको.

हे चित्र दोनदा घ्या: आदल्या दिवशी आणि विंडो उघडताच. आदल्या दिवसापासून पडलेली एखादी लिंक नंतर अपग्रेडच्या नावावर खपवली जाते आणि तिचा शोध घेण्यात विंडोचा तासभर जातो.

सहावी पायरी: ट्रॅफिक बाजूला काढणं

वर्षभरात ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे साधारण सव्वापाच मिनिटांची मुभा. मोठा मॉड्युलर चेसिस रीबूट होऊन सगळ्या कार्डांसकट उभा राहायला पंधरा-वीस मिनिटं सहज घेतो. तेव्हा प्रश्न रीबूट वेगवान कसा करायचा हा नाहीच. रीबूट होताना त्या राउटरवर कोणाचंच ट्रॅफिक नसेल तर तो वीस मिनिटं घेवो नाहीतर चाळीस. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत जास्त मेहनत इथेच खर्च करावी. ट्रॅफिक नीट बाजूला काढता आलं की बाकीच्या पायऱ्यांमधली भीतीच निघून जाते.

कोअरमधला राउटर असेल तर गोष्ट सोपी आहे. आयजीपी म्हणून आयएस-आयएस असेल तर ओव्हरलोड बिट लावा. ओएसपीएफ असेल तर राउटर एलएसएवर (राउटर आपल्या लिंकांची माहिती देतो त्या संदेशावर) कमाल मेट्रिक, जे आरएफसी ६९८७ मध्ये स्टब राउटर म्हणून सांगितलंय. शेजारी दुसरा रस्ता धरतात. आरएसव्हीपी-टीई (ठरवलेल्या रस्त्यानं ट्रॅफिक नेण्याची पद्धत) चालू असेल तर आधीच उभ्या असलेल्या एलएसपी, म्हणजे आखलेल्या वाटा, कशा वागतील हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून लॅबमध्ये बघून ठेवा आणि गरज पडली तर री-ऑप्टिमायझेशन करून घ्या.

एज राउटरवर (ज्याला ग्राहक किंवा दुसरी नेटवर्कं जोडलेली असतात) नुसता ओव्हरलोड बिट पुरत नाही, आणि गडबड इथेच होते. ओव्हरलोड बिट सांगतो की ‘माझ्यामधून पलीकडे जाऊ नका’. राउटरचा स्वतःचा लूपबॅक (कायमचा पत्ता) मात्र दिसतच राहतो. बीजीपीचा नेक्स्ट-हॉप (पॅकेट पुढे कुणाकडे द्यायचं तो पत्ता) तोच लूपबॅक असेल तर ग्राहकांकडे जाणारं ट्रॅफिक खुशाल येत राहतं. त्यासाठी बीजीपीचं ग्रेसफुल शटडाउन लागतं. मार्च २०१८ च्या आरएफसी ८३२६ नं यासाठी ६५५३५:० ही कम्युनिटी (राउटला जोडायची खूण) ठरवून दिली आहे. आपण राउटवर ती लावतो, समोरचा ती पाहून त्या राउटची लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा) ० वर नेतो, दुसरा राउट असेल तर तो निवडला जातो, आणि जुना राउट तोवर जागेवरच असल्यामुळे पॅकेट पडत नाहीत. बाहेरून शिकलेल्या राउटवर आपल्या नेटवर्कमध्येही हीच कम्युनिटी लावा, नाहीतर आत येणारं ट्रॅफिक हटेल आणि बाहेर जाणारं तसंच राहील. समोरच्याच्या पॉलिसीत ही कम्युनिटी ओळखली जाते का, हे महिनाभर आधी विचारून घ्या.

दोनपैकी एक चालू आणि दुसरा राखीव ठेवणाऱ्या इतर सोयी, म्हणजे व्हीआरआरपी, मल्टी-चेसिस लॅग, अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय स्यूडोवायर यांची प्राथमिकता वेगळी हलवावी लागते. त्यानंतर इंटरफेसचे आकडे बघत बसायचं. समजा बारा लिंकांवरचं ट्रॅफिक जवळपास शून्यावर आलं आणि तेराव्या लिंकवर चारशे एमबीपीएस तसेच आहेत. घाई करू नका. त्या चारशेचं कारण जवळजवळ नेहमी शोधून सापडतं. कोणी तरी टाकलेला स्टॅटिक राउट असतो, किंवा ज्याला दुसरी लिंकच नाही असा ग्राहक असतो. पहिल्याची दुरुस्ती करता येते. दुसऱ्याला आधीच कळवलेलं असायला हवं, आणि यादीत त्याचं नाव नसेल तर यादी चुकली आहे, म्हणजे विंडो पुढे ढकलायची.

ट्रॅफिक हटलं म्हणजे ते कुठेतरी गेलं. ज्या राउटरवर गेलं त्याची क्षमता, आणि बीजीपीवर लावलेली कमाल राउटची मर्यादा, दोन्ही तपासा. ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या टेलिकॉम कंपनीचे सुमारे ९० एज राउटर नेटवर्कपासून आपणहून तुटले. दुसऱ्या नेटवर्कमधल्या सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर त्यांच्याकडे आलेल्या राउटच्या बदलांनी राउटरवर ठरवलेली सुरक्षा मर्यादा ओलांडली होती. 

सातवी पायरी: प्रत्यक्ष अपग्रेड

इथपर्यंत सगळं नीट झालं असेल तर हा भाग कंटाळवाणा असतो, आणि तसाच असावा.

६४-बिट एक्सआरवर ‘इन्स्टॉल अ‍ॅड’ आधीच झालेलं असतं. ‘इन्स्टॉल प्रिपेअर’ही आधी करून ठेवता येतं, त्यामुळे विंडोमध्ये ‘इन्स्टॉल अ‍ॅक्टिव्हेट’ला कमी वेळ लागतो. एक्सआर ७ वर ‘इन्स्टॉल रिप्लेस’ आणि मग ‘इन्स्टॉल अप्लाय’.

जुनोसमध्ये दोन राउटिंग इंजिनं (म्हणजेच राउट प्रोसेसर) असतील तर एरवी जीआरईएस आणि एनएसआर (एक इंजिन पडलं तर दुसऱ्यानं न अडता काम चालू ठेवण्याच्या सोयी) काढून ठेवायचं, आधी बॅकअप इंजिन अपग्रेड करायचं, मग सूत्रं त्याच्याकडे देऊन पहिलं. ट्रॅफिक बाजूला काढलेलंच असेल तर दोन्हींवर सॉफ्टवेअर चढवून एकत्रच रीबूट करणं मला सरळ वाटतं; पायऱ्या कमी, वेळही कमी. चढवताना कॉन्फिगची पडताळणी होऊ द्या, ती टाळण्याचा पर्याय वापरू नका.

एसआर ओएसमध्ये नवी इमेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून बीओएफमधली (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधली) प्रायमरी इमेज तिकडे वळवायची आणि जुन्या फोल्डरला सेकंडरी करायचं. बीओएफ सेव्ह करायची, रिलीज नोट्समध्ये सांगितल्याप्रमाणे बूट लोडर बदलायचा आणि ‘अ‍ॅडमिन रिडंडन्सी सिंक्रोनाइझ बूट-एन्व्ह’ द्यायचं, म्हणजे स्टँडबाय कार्डवरही तेच पोहोचतं. सेकंडरी इमेज ही प्रायमरी लोडच झाली नाही तर कामी येते. लोड होऊन चुकीची वागली तर ती आपणहून धावून येत नाही.

आता फर्मवेअर. रीबूट झालं, लॉगिन मिळालं, कार्डं वर आली, आणि ‘शो एचडब्ल्यू-मॉड्यूल एफपीडी’ दिलं की तीन कार्डांपुढे ‘नीड अपग्रेड’. फर्मवेअर चढवलं की तीच कार्डं पुन्हा रीलोड करावी लागतात. विंडोच्या हिशेबात हे दुसरं रीलोड धरलेलं नसेल तर इथे वेळेची ओढाताण सुरू होते. ‘एफपीडी ऑटो-अपग्रेड एनेबल’ आधी लावून ठेवलं तर हे काम सॉफ्टवेअरबरोबरच होतं. ते लावायचं की हातानं करायचं, हे लॅबमध्येच ठरवा.

आठवी पायरी: परत आणणं आणि पक्कं करणं

राउटर उठल्यावर आयजीपी काही सेकंदांत उभा राहतो आणि शेजारी ट्रॅफिक पाठवायला लागतात. बीजीपीचं पूर्ण टेबल, जे आयपीव्ही ४ साठी आता दहा लाख राउटच्या आसपास आहे, शिकून हार्डवेअरमध्ये उतरायला मात्र काही मिनिटं लागतात. मधल्या काळात आलेलं पॅकेट कुठे जायचं हे राउटरला माहीतच नसतं. ‘सेट-ओव्हरलोड-बिट ऑन-स्टार्टअप वेट-फॉर-बीजीपी’ सारखी ओळ कॉन्फिगमध्ये कायमची ठेवली तर हा खड्डा अपग्रेडपुरताच काय, अचानक वीज जाऊन आल्यावरही भरलेला असतो. एलडीपी वापरत असाल तर एलडीपी-आयजीपी सिंक, म्हणजे आरएफसी ५४४३, हेही हवंच.

तुलना स्वच्छ आली की ट्रॅफिक एकदम सोडू नका. आधी ओव्हरलोड काढा, पाच-दहा मिनिटं एरर काउंटर बघा, मग ग्रेसफुल शटडाउन काढा.

एक्सआरवर शेवटी ‘इन्स्टॉल कमिट’. हे राहिलं तर राउटर छान चालत राहतो आणि पुढे कधी तरी रीलोड झाला की मुकाट्यानं जुन्या व्हर्जनवर उठतो. म्हणून तपासणीच्या यादीत ‘अ‍ॅक्टिव्ह आणि कमिटेड सारखे आहेत का’ ही ओळ टाका.

रोलबॅकची वेळ घड्याळावर लिहा

विंडो १ ते ५ आहे, लॅबमध्ये रोलबॅकला तपासणीसह ५० मिनिटं लागली, वर २५ मिनिटांची सूट. म्हणजे ३:४५ ही रेषा. ३:४५ ला तुलना स्वच्छ नसेल तर परत फिरायचं. कारण सापडत आलंय असं वाटत असलं तरी. सपोर्टचा माणूस फोनवर ‘अजून दहा मिनिटं द्या’ म्हणतच असतो, म्हणून ही रेषा त्यालाही सुरुवातीलाच सांगून ठेवायची.

रोलबॅकमध्ये दोन काटे असतात. नवं व्हर्जन कॉन्फिगच्या काही ओळी नव्या साच्यात लिहून ठेवतं आणि जुन्याला त्या वाचता येत नाहीत, म्हणून जुन्या व्हर्जनवर घेतलेली प्रतच परत लावायची. आणि सॉफ्टवेअर मागे गेलं तरी कार्डांचं फर्मवेअर बहुधा नवंच राहतं. जुन्या सॉफ्टवेअरला नवं फर्मवेअर चालतं का, हे लॅबमध्ये एकदा खरोखर रोलबॅक करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आयएसएसयूचं काय?

आयएसएसयू म्हणजे सेवा न थांबवता अपग्रेड, हे ऐकायला गोड आहे. दोन राउट प्रोसेसर, नॉन-स्टॉप राउटिंग, कार्डांचं वॉर्म रीस्टार्ट (ट्रॅफिक न थांबवता पुन्हा सुरू होणं), हे सगळं जुळलं तर चालतंही. पण ते ठरावीक व्हर्जनच्या जोड्यांमध्येच चालतं, सगळ्या कार्डांना आणि फीचरना चालत नाही, फर्मवेअर बदलायचं असेल तर रीलोड टळत नाही, आणि अर्ध्यावर अडकलं तर राउटर अशा अवस्थेत राहतो जी लॅबमध्ये कोणी पाहिलेली नसते. जिथे दुसरा रस्ता आहे तिथे मी त्याच्या वाटेला जाणार नाही. एकाच लिंकवर लटकलेले शेकडो ग्राहक असलेल्या एज राउटरसाठी त्याचा विचार जरूर करावा, आणि तितकाच विचार त्या ग्राहकांना दुसरी लिंक देण्याचाही.

सगळ्या ताफ्यावर नेताना

स्क्रिप्ट लिहायची ती शेवटी, हातानं तीन-चार राउटर नीट झाल्यावर. आणि एका दमात धावणारी स्क्रिप्ट नको. कॉपी, आधीचं चित्र, ट्रॅफिक हटवणं, अपग्रेड, नंतरचं चित्र, ट्रॅफिक परत, असे स्वतंत्र तुकडे करा. प्रत्येक तुकडा पुन्हा चालवला तरी नुकसान होऊ नये, आणि तुकड्याच्या शेवटी अट पुरी झाली नाही तर स्क्रिप्टनं थांबून माणसाला हाक मारावी. इन्स्टॉल मागच्या मागे चालू असताना सेशन तुटलं म्हणून स्क्रिप्टनं तीच कमांड परत देऊ नये. आधी स्थिती विचारावी. नव्या राउटरवर जीएनओआयची (प्रोग्राममधून राउटरला काम सांगण्याच्या सामायिक पद्धतीची) ओएस सेवा मिळते. तिच्यात इन्स्टॉल, अ‍ॅक्टिव्हेट आणि व्हेरिफाय असे वेगळे कॉल आहेत, त्यामुळे पडद्यावरचा मजकूर वाचून अंदाज बांधायची वेळ येत नाही.

क्रम असा: आधी एक बिनमहत्त्वाचा राउटर, मग आठवडाभर थांबा. मेमरी हळूहळू चढत जाणारे दोष एका रात्रीत दिसत नाहीत. मग छोटी तुकडी, मग मोठी. जोडीतले दोन राउटर एकाच रात्री कधीच नाही, आणि शक्य असेल तर एकाच आठवड्यातही नाही.

आधीच्या तुकड्या सुरळीत गेल्या म्हणून तपासणी सैल करण्याचा मोह होतो. रॉजर्सच्या त्याच प्रकरणात आधीचे टप्पे यशस्वी झाल्यामुळे त्या बदलाचा धोका ‘उच्च’वरून ‘कमी’वर आणला गेला होता. समजा मागच्या टप्प्यात इमेज बदलली होती, या टप्प्यात पॉलिसी बदलतेय, तर मागचं यश इथे मोजायचंच नाही. प्रत्येक टप्प्याचा धोका त्या टप्प्यात काय बदलतंय यावरून ठरवा, आणि पन्नासाव्या राउटरच्या वेळीही तपासणीची तीच पूर्ण यादी चालवा. स्क्रिप्ट असेल तर तिला कंटाळा येत नाही, मग एकही ओळ वगळायचं कारण काय?